खारीच्या अनाथ पिल्लांचं दूध: तयार करणं, कोमट करणं, पाजणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न बहुतेक वेळा रात्री उशिरा येतात आणि त्यातल्या निम्म्यांमध्ये एकच घाई असते: "आत्ता काय पाजू?" म्हणून क्रम तसाच ठेवला आहे, आधी घाईचे प्रश्न आणि मग निवांतपणे वाचायचे. वन्यप्राण्याचं पिल्लू घरी ठेवायला अनेक देशांत परवानगी लागते. वन्यजीव पुनर्वसन केंद्र किंवा वन्यप्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य मिळेपर्यंतचा वेळ निभावण्यासाठी ही माहिती आहे.

१. पिल्लू आत्ताच सापडलंय. लगेच दूध पाजू का?

नाही. आधी ऊब, मग पाणी, मग दूध. हा क्रम चुकला तर पुढचं सगळं बरोबर करूनही पिल्लू हातचं जातं. गार पडलेल्या पिल्लाचं पचन जवळजवळ थांबलेलं असतं. अशा पोटात दूध गेलं तर ते तिथेच पडून राहतं, आंबतं, वायू धरतं. शिवाय गारठलेल्या पिल्लाला नीट गिळता येत नाही, त्यामुळे दूध फुफ्फुसात जाण्याचा धोका वेगळाच.

पिल्लाचं पोट आपल्या हाताला गार लागलं तर ते गार आहे, इतकं सोपं आहे. खोक्यात मऊ कापड पसरा (धागे सुटणारा टॉवेल नको, नखं अडकतात) आणि खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली मंद हीटिंग पॅड किंवा कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा. अर्धाच भाग यासाठी, की जास्त उकडलं तर पिल्लाला सरकता यावं. अंगावर केस नसलेल्या पिल्लाला ३२ अंश सेल्सियसच्या आसपासची ऊब लागते. दिव्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. ऊब यायला अर्धा तास लागो की दोन तास, तोवर तोंडात काहीही घालायचं नाही.

२. आई परत न्यायला येते का? माणसाचा हात लागला की ती टाकून देते म्हणतात.

हाताच्या वासाने खार पिल्लू टाकत नाही. पिल्लू जखमी नसेल आणि अंग उबदार असेल, तर ते उघड्या खोक्यात, खाली उबेची सोय करून, सापडलं त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा. आई आली तर तोंडात धरून एकेक पिल्लू उचलून नेते. हे दिवसाउजेडीच होतं, अंधार पडल्यावर वाट पाहण्यात अर्थ नाही. मांजर, कुत्रा, कावळे यांचा वावर असेल तर जवळ थांबा. आईच्या दुधाची बरोबरी कुठलाच डबा करत नाही, त्यामुळे ही संधी सोडू नये.

३. दुधाआधी पाणी म्हणजे नेमकं काय? साधं पाणी चालेल?

साधं पाणी पुरत नाही, क्षारही लागतात. बिनवासाचं, बिनचवीचं ओआरएस घ्या. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितक्यातच पूर्ण पाकीट मिसळा. "पिल्लू एवढंसं, म्हणून चिमूटभर पावडर वाटीभर पाण्यात" असा अंदाज करू नका, क्षारांचं प्रमाण बिघडतं. उरलेलं फ्रीजमध्ये २४ तास ठेवता येतं.

ते कोमट करून (प्रश्न ८) थेंबाथेंबाने दोन-तीन वेळा पाजा, प्रमाण प्रश्न ११ प्रमाणे. शू फिकट होऊ लागली म्हणजे अंगात पाणी भरतंय. गडद पिवळी शू, कोरडं तोंड आणि खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती तशीच उभी राहणं ही पाणी कमी झाल्याची लक्षणं. कातडीची परीक्षा केसाळ पिल्लात जास्त विश्वासाची, अगदी गुलाबी पिल्लांची कातडी मुळातच सैल असते.

यानंतर दूध सुरू करायचं तेही एकदम नाही. पहिल्या टप्प्यात एक भाग दूध आणि तीन भाग ओआरएस, मग निम्मं-निम्मं, मग तीन भाग दूध आणि एक भाग ओआरएस, मग पूर्ण दूध. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन वेळा पाजून शी ठीक आहे ना ते बघायचं आणि पुढे जायचं.

४. गाईचं दूध पाणी घालून दिलं तर काय बिघडतं? आमच्याकडे एक पिल्लू त्यावर जगलं होतं.

जगलं असेल. पण आकडे बघा. गाईच्या दुधात चरबी साधारण ४ टक्के आणि दुग्धशर्करा साधारण ५ टक्के असते. ज्या करड्या खारीच्या (उत्तर अमेरिकेतली मोठी जात) दुधाचा अभ्यास झालाय, तिच्या दुधात चरबी २० टक्क्यांच्या वर जाते आणि साखर त्या मानाने कमी असते. म्हणजे पिल्लाला हवं ते गाईच्या दुधात नाही आणि सोसत नाही ते भरपूर आहे. त्यात पाणी घातलं की उरलीसुरली ताकदही गेली. आधी जुलाब, मग पाणी कमी होणं, आणि त्यातून वाचलंच तर वाढ खुंटणं. म्हशीचं दूध जास्त स्निग्ध असलं तरी खारीच्या दुधाच्या जवळपास येत नाही. शेळीच्या दुधाचंही तेच. हाताशी योग्य दूध नसेल तर चुकीचं दूध देण्यापेक्षा पहिले काही तास, फार तर एक दिवस, ओआरएसवर काढणं बरं.

५. मग कुठलं दूध? तान्ह्या बाळाच्या डब्यातलं चालेल का?

बाळाचं नाही. ते माणसाच्या दुधाच्या धर्तीवर बनवलेलं असतं, साखर जास्त आणि चरबी कमी.

खारींसाठी खास बनवलेल्या पावडरी मिळतात. फॉक्स व्हॅली या कंपनीच्या डब्यांवर ३२/४० आणि २०/५० असे आकडे असतात. पहिला आकडा प्रथिनांचा, दुसरा चरबीचा. लहान पिल्लांना ३२/४० आणि मोठ्यांना २०/५०, असा सर्वसाधारण क्रम असतो. हे मिळालं नाही तर कुत्र्याच्या पिल्लांची दूधपावडर घ्या, उदाहरणार्थ एस्बिलॅक, ज्यात प्रथिनं साधारण ३३ आणि चरबी ४० टक्के असते. मांजराच्या पिल्लांच्या पावडरीत प्रथिनं जास्त आणि चरबी कमी असते, म्हणून ती दुसऱ्या पसंतीची. नाव कुठलंही असो, डबा उलटा करून चरबीचा आकडा वाचा, ४० च्या आसपास हवा. तयार पातळ दुधाच्या डब्यापेक्षा पावडर चांगली, कारण घट्टपणा आपल्या हातात राहतो.

६. पावडर किती आणि पाणी किती? मिसळताना गुठळ्या का होतात?

वर सांगितलेल्या पावडरींना मापाने एक भाग पावडर आणि दोन भाग पाणी. डब्यावर खारींसाठी वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. चमचा भरताना पावडर दाबायची नाही, वरून सुरीच्या पाठीने सपाट करायची. दाबून भरलेल्या चमच्यात बरीच जास्त पावडर मावते, आणि "तेच प्रमाण तर दिलं होतं" असं म्हणणाऱ्यांच्या जुलाबाच्या तक्रारी पुष्कळदा इथूनच सुरू होतात.

पाणी उकळून थोडं निवलेलं घ्या, ५० अंशांच्या जवळपास, म्हणजे बोट बुडवलं तर चटका बसून लगेच काढावंसं वाटेल इतपत. गार पाण्यात पावडरीतली चरबी विरघळत नाही, पिवळसर कण वर तरंगत राहतात. उकळत्या पाण्यात प्रथिनं आखडून गुठळ्या होतात. काही कंपन्या याहून गरम पाणी सांगतात, तिथे डब्यावरचं ऐका. आधी पावडरीत थोडंच पाणी घालून गुळगुळीत पेस्ट करा, मग उरलेलं पाणी घालत जा. मिक्सर किंवा जोरजोरात हलवणं नको. फेसात हवा असते आणि ती हवा पिल्लाच्या पोटात जाते. शेवटी बारीक गाळणीतून गाळा. दिसत नाही अशी एक गुठळी निपलच्या भोकात अडकते, आपण दट्ट्या जरा जोराने दाबतो आणि एकदम पिचकारी उडते. ठसक्याची सुरुवात अशी होते.

किती बनवायचं? ३० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी दीड मिली, दिवसात सहा वेळा म्हणजे ९ मिली. ५ मिलीचा एक चमचा पावडर आणि दोन चमचे पाणी एवढं दिवसाला पुरतं.

७. बनवलं की लगेच पाजायचं की थांबायचं?

शक्य असेल तर थांबा. बनवलेलं दूध फ्रीजमध्ये किमान चार तास, जमलं तर रात्रभर ठेवलं की पावडरीचे कण पूर्ण भिजतात आणि फेस बसतो. अशा दुधाने पोट कमी फुगतं. पिल्लू आलं त्या दिवशी पहिले तास तसेही ऊब आणि ओआरएसमध्ये जातात. दूध तेव्हाच बनवून फ्रीजमध्ये टाका, वेळ फुकट जात नाही.

८. कोमट म्हणजे किती आणि ते कसं करायचं?

सर्वात जास्त गडबड इथे होते, म्हणून सविस्तर.

पिल्लाच्या तोंडात जाताना दूध ३८ अंशांच्या आसपास हवं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अंगाइतकं. ४० च्या वर नको, तोंड आणि अन्ननलिका भाजते. छोटा स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाका, पण त्याचा अर्थ नीट लावा. आपल्या मनगटाची कातडी ३३ अंशांच्या आसपास असते. थेंब पडल्याचं "काहीच जाणवत नाही" म्हणजे दूधही ३३ च्या आसपास, म्हणजे पिल्लासाठी गार. थेंब स्पष्ट उबदार लागला पाहिजे, चटका मात्र नको. बाळाच्या बाटलीची सवय असलेले लोक नेमके इथे कमी गरम करतात.

पद्धत: एका वेळेपुरतं दूध लहान वाटीत काढा. ती वाटी गरम पाण्याच्या मोठ्या मगात किंवा वाडग्यात ठेवा, पाणी वाटीच्या काठाच्या खाली राहू द्या. चमच्याने हलवत राहा. फ्रीजमध्ये चरबी वर आलेली असते, हलवलं नाही तर पहिल्या सिरिंजमध्ये नुसतं पाणीदार दूध आणि शेवटच्या सिरिंजमध्ये नुसती साय जाते. दोन-तीन मिनिटांत दूध तयार होतं.

खरी अडचण त्यानंतर. एक मिलीच्या सिरिंजमधलं दूध बघता बघता निवतं, आणि पिल्लू तर सावकाश पितं. म्हणून पाजून होईपर्यंत दुधाची वाटी गरम पाण्यातच ठेवा आणि दोन सिरिंज आलटून पालटून वापरा: एक हातात, दुसरी भरून टोपण लावून त्याच गरम पाण्यात उभी. काढलेली सिरिंज पुसा आणि पहिला थेंब मनगटावर टाका, मग तोंडाला लावा. रात्रीसाठी थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवलं की अर्ध्या झोपेत गॅस पेटवायला उठावं लागत नाही.

दूध थेट गॅसवर ठेवू नका, एवढंसं दूध तळाशी करपतं. मायक्रोवेव्हही नको. त्यात दूध असमान तापतं, वाटी कोमट लागते आणि मधला एखादा भाग पोळण्याइतका गरम असतो. मायक्रोवेव्ह वापरायचाच असेल तर मगातलं पाणी तापवायला वापरा.

९. उरलेलं दूध परत गरम करू का? फ्रीजमध्ये किती दिवस टिकतं?

एकदा कोमट केलेलं उरलं की टाकून द्या, परत फ्रीजमध्ये नाही. न तापवलेलं तयार दूध फ्रीजमध्ये २४ तास. डब्यावर उघडण्याची तारीख लिहा आणि पावडर हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. लागेल तेवढी काढून डबा लगेच आत. बाहेर ठेवलेल्या डब्याला दमट हवा लागते, चरबी खवट होते. पावडरीला रंगाच्या डब्यासारखा वास आला तर ती गेली, शेवटची मुदत काहीही असो.

१०. दूध बरोबर बनवलंय, तरी पिल्लू तोंड फिरवतं. काय करू?

पहिला संशय तापमानावर घ्या. गार दूध खारीची पिल्लं सरळ नाकारतात, आणि सुरुवातीला हौसेने पिऊन मध्येच थांबलेलं पिल्लू बहुधा "पोट भरलं" नव्हे तर "दूध निवलं" असं सांगत असतं. सिरिंज बदलून बघा. दुसरं, पिल्लू स्वतः गार आहे का? तिसरं, नवी चव. ओआरएसवरून दुधावर घाईने आणलं असेल तर एक टप्पा मागे जा. ओठांना थेंब लावून चाटू द्या, एका हाताने डोळ्यांवर हलकी सावली धरा, पिल्लू कापडात सैलसर गुंडाळा. सलग दोन वेळा काहीच घेतलं नाही तर पशुवैद्य गाठा.

११. एका वेळी किती पाजायचं?

वजनाच्या ५ टक्के. २० ग्रॅमला १ मिली, ४० ग्रॅमला २ मिली, ६० ग्रॅमला ३ मिली. शी आठवडाभर चांगली असेल तर सावकाश ७ टक्क्यांपर्यंत जाता येतं, त्यापुढे नाही. पिल्लू मागतंय म्हणून देत राहू नका, भुकेलं पिल्लू पोटात मावेल त्याहून जास्त ओढतं.

यासाठी ग्रॅमचा काटा लागतो. रोज सकाळी पहिल्या दुधाआधी, त्याच वाटीत बसवून वजन करा आणि लिहून ठेवा. अंदाजाने वाढवलेलं दूध आणि काट्यावर वाढलेलं वजन यात फार फरक पडतो.

१२. किती वेळाने? रात्रीही उठावं लागतं का?

गुलाबी, केस नसलेलं पिल्लू: दर दोन तासांनी, रात्रीही. केस आलेलं पण डोळे मिटलेलं: तीन ते चार तासांनी, रात्री पाच-सहा तासांची एक सुट्टी चालते. डोळे उघडलेलं: चार ते पाच तासांनी, रात्री झोपा. नवं आलेलं अशक्त पिल्लू मात्र डोळे उघडे असले तरी पहिले एक-दोन दिवस लहान पिल्लू समजूनच सांभाळा.

१३. ड्रॉपर, बाटली की सिरिंज?

सुई नसलेली सिरिंज. लहान पिल्लांना १ मिलीची, मोठ्यांना ३ मिलीची, टोकाला लहान निपल मिळालं तर उत्तम. ड्रॉपरमधून थेंबांवर ताबा राहत नाही, आणि काचेचा असेल तर चावून फुटतो. सिरिंजचा दट्ट्या अडखळत असेल तर ती फेका, कारण अडखळून सुटला की एकदम भरपूर दूध जातं.

पिल्लू पाठीवर झोपवून कधीही पाजू नका. पोट खाली किंवा अंग उभं, डोकं किंचित वर, पुढचे पाय काहीतरी पकडू शकतील असं धरा. एक थेंब, गिळलेलं दिसलं की पुढचा. पाजल्यावर हनुवटी आणि छाती कोमट ओल्या कापसाने पुसा. वाळलेल्या दुधाने केस चिकटतात, गळतात आणि खालची कातडी लाल होते.

१४. नाकातून दूध आलं! आता?

थांबा. पिल्लाचं डोकं खाली करा, नाकातलं दूध कापसाने टिपा, शिंकू द्या. हलवू किंवा झटकू नका. श्वास पूर्ण शांत झाल्यावरच, आणि पहिल्यापेक्षा हळू, पुन्हा सुरू करा. एखादा थेंब नाकात आला म्हणून निमोनिया होतोच असं नाही. पण पुढच्या दोन-तीन दिवसांत श्वासाबरोबर टिक-टिक असा आवाज, तोंडाने श्वास घेणं किंवा दुधाबद्दलची अनास्था दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे. याला घरगुती उपाय नाही.

१५. शू-शी आपोआप होत नाही का?

डोळे उघडेपर्यंत नाही. आई चाटून करवते, आपण कोमट ओल्या कापसाने गुप्तांगाजवळ हलके टिपायचं, दर वेळी पाजण्याआधी किंवा नंतर. शू दर वेळी व्हायला हवी. शी दर वेळी होईलच असं नाही.

१६. पोट फुगलंय, किंवा शी पातळ आहे. दूध बंद करू?

पोट नगाऱ्यासारखं ताठ असेल तर दूध थांबवा, ऊब वाढवा, कोमट ओल्या कापडाने पोट हळुवार चोळा, शू-शी करवून बघा. सुटलं नाही आणि श्वास जड होऊ लागला तर वाट बघत बसू नका.

पातळ शी असेल तर दूध दोन टप्पे मागे, म्हणजे अर्धं दूध आणि अर्धं ओआरएस, आणि प्रमाण ५ टक्क्यांवर. मग कारण शोधा: दाबून भरलेला चमचा (प्रश्न ६), जास्त पाजणं (प्रश्न ११), शिळं दूध (प्रश्न ९) किंवा पावडर अचानक बदलणं. माणसाची जुलाबाची गोळी तुकडा करूनही देऊ नका. चांगली शी पिवळसर-तपकिरी आणि आकार धरलेली असते.

१७. ताकद यावी म्हणून साय, मध, अंडं, कॅल्शियम घालू का?

काहीही नको. काही अनुभवी लोक कुत्र्याच्या पावडरीत मोजून क्रीम घालतात, पण त्यांनी शेकडो शी पाहिलेल्या असतात. मधाने फक्त साखर वाढते. कॅल्शियमचा प्रश्न खरा आहे, पण तो दूध कमी होऊन खाणं सुरू झाल्यावरचा, आणि तेव्हा पशुवैद्यांना विचारून सोडवायचा.

१८. आमच्याकडची खार लहान जातीची, पाठीवर पट्टे असलेली. हे आकडे तिला लागू होतात का?

टक्के लागू होतात, मिली नाहीत. मोठी झालेली पट्टेवाली खार १०० ग्रॅमच्या आसपास भरते, करडी खार त्याच्या कितीतरी पट. म्हणून वयावरून "तीन आठवड्यांचं, इतके मिली" असे तक्ते वापरू नका, ते बहुतेक करड्या खारीचे असतात. वजन आणि अवस्था (केस, डोळे, दात) बघा. लहान जातीच्या गुलाबी पिल्लाला एका वेळचं दूध अर्धा मिलीसुद्धा होत नाही. ते थेंब मोजून जातं, आणि निवतंही आणखी लवकर.

१९. मांजराच्या तोंडातून सोडवलंय. जखम दिसत नाही. दूध सुरू करू ना?

ऊब द्या आणि पशुवैद्य गाठा, दूध नंतर. मांजराच्या दातांतल्या जिवाणूंचा संसर्ग केसांत लपलेल्या टाचणीएवढ्या छिद्रातूनही होतो, आणि अँटिबायोटिक वेळेत नाही मिळालं तर एक-दोन दिवसांत पिल्लू जातं.

२०. तीन पिल्लं एकत्र आहेत आणि दुधानंतर एकमेकांना चोखत बसतात. भूक राहिलीय का?

कधी भूक, कधी नुसती सवय. प्रमाण तपासा. नराच्या गुप्तांगाला चोखणं मात्र गंभीर आहे, सूज येऊन शू अडते. सूज दिसली की त्या पिल्लाला वेगळं ठेवा, प्रत्येक वेळी शू होतेय याची खात्री करा, आणि ती थांबली तर लगेच पशुवैद्य. एकट्या पिल्लाजवळ कापडाचा गोळा ठेवा, बिलगायला काहीतरी लागतं.

२१. दूध कधी बंद करायचं?

तारीख ठरवून नाही. डोळे उघडून पिल्लू कुरतडायला लागलं की घन खाणं ठेवायचं, आणि ते नीट खाऊ लागलं की आधी दुपारचं, मग सकाळचं दूध कमी करत जायचं. झोपायच्या आधीचं दूध सर्वात शेवटी सुटतं. काही पिल्लं एक दिवस सिरिंज ढकलून देतात आणि विषय संपतो. काही जण आठवडाभर रुसतात. दूध सोडल्यावर वजन घसरलं तर ते वेळेआधी सुटलंय, रात्रीचं परत सुरू करा.